सहावी पोळी

“आप्पा, उतरा खाली,” मी म्हणाले. “ती पायरी विद्यार्थ्यांसाठी आहे.”

“हिचा जोडीदार होळीला गावी गेलाय म्हणतीय ही पोरगी. मी बदली कामगार,” आप्पा म्हणाले. त्यांनी चपला काढून टेबलाखाली सरकवल्या, धोतराचा सोगा खोचला आणि दीड फुटी लाकडी पायरीवर उभे राहून प्रयोगशाळेकडे पाहिलं. चाळीस मुलं हातातली कामं सोडून त्यांच्याकडे बघत होती.

तो होळीच्या आदल्या दिवसाचा शनिवार होता. मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. अजूनही शिकवते. त्या दिवशीचं प्रात्यक्षिक सोपं होतं. व्यायामानं नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, ते पाहायचं. दोघांची जोडी. एकानं मेट्रोनोमच्या ठोक्यावर तीन मिनिटं पायरी चढायची-उतरायची, दुसऱ्यानं आधी आणि नंतर मोजायचं. मंगळवारी बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि त्याआधी प्रत्येकाचं जर्नल पूर्ण हवं होतं. केतकी मोहिते नावाची मुलगी जोडीदाराविना भिंतीशी उभी होती. तेवढ्यात आप्पा माझा डबा घेऊन आले.

डबा ते रोज आणायचे. आईचा कॅन्टीनवर विश्वास नव्हता आणि निवृत्तीनंतर आप्पांना सायकल चालवायला निमित्त हवं होतं. अडतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेत पाणी सोडलं होतं. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, त्या आळीचा बंद करायचा. गावातल्या निम्म्या शिव्या त्यांच्या नावावर होत्या आणि त्या सगळ्या त्यांना तोंडपाठ होत्या.

“आप्पा, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला सब्जेक्ट म्हणून घेता येत नाही.”

“सब्जेक्ट न्हाई, शेडगे म्हण. सर्जेराव शेडगे, पाणीपुरवठा.” मग केतकीकडे वळून, “घे गं माप. ही माझी पोरगी हाय म्हणून भिऊ नको. घरात हिला कोण इचारत न्हाई.”

मुलं हसली. मला तेव्हाच त्यांना हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं. पण ओढत न्यावं तर आणखी तमाशा, म्हणून मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला, लवकर उरका.”

केतकीनं त्यांना स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याचं यंत्र समोर ठेवलं. “एकशे अठरा, पंचाहत्तर. नाडी ब्याऐंशी.”

“बसल्या जागी ब्याऐंशी?” मी विचारलं.

“चढायचंय म्हटल्यावर आधीच वाढते ना, मॅडम? तुम्हीच सांगितलं होतं.”

“माझी मंगलाष्टकांना वाढलेली अशी,” आप्पा म्हणाले. “नवरी समोर आली न्हवती, तरी.”

मेट्रोनोम सुरू झाला. आप्पा चढायला-उतरायला लागले आणि बोलायलाही लागले. चढताना बोलायचं नसतं, हे त्यांना सांगायला अर्थ नव्हता. अडतीस वर्षं रस्त्यात उभं राहून बायकांशी भांडलेला माणूस.

“पोरांनो, ही काय शिकवती तुम्हाला? पळताना रक्त कुठं जातं?”

“स्नायूंकडे,” कुणीतरी म्हणालं.

“आन् येतं कुठनं? टाकी तर एवढीच हाय. पाच लिटर.” पाच लिटर हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. मी शिकत होते तेव्हा परीक्षेच्या आधी रोज रात्रीच्या जेवणाला धडा मोठ्यानं म्हणायचे आणि ते भाकरी मोडत ऐकायचे. “मग? वरच्या आळीला दाब पायजे तर खालच्या आळीच्या चाव्या आवळायच्या. पोट बंद. मूत्रपिंड अर्धं बंद. त्यांनी बोंबलायचं. आन् पाय? पाय काय अर्ज करत न्हाईत. घाण साचली की आपल्या तोट्या आपणच उघडत्यात. दादागिरी निव्वळ.”

हे पुस्तकात फार गंभीर भाषेत दिलेलं असतं. काम करणाऱ्या स्नायूत जे टाकाऊ पदार्थ जमतात तेच तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. बाकी ठिकाणी मज्जातंतू त्या आकसवतात. पंप मिनिटाला पाचाऐवजी पंधरा-वीस लिटर ढकलू लागतो. सगळ्याचा हिशेब असा लागतो की तोट्या उघडूनही दाब पडत नाही, उलट वाढतो. पंधरा वर्षं मी हे शिकवत होते आणि माझ्या तासाला मुलं पुढच्या बाकावरसुद्धा झोपायची. आत्ता एकजण वहीत लिहून घेत होता.

“आणि मेंदू, काका?” केतकीनं विचारलं.

“मेंदू म्हंजे कलेक्टरचा बंगला. गावात पाणी असो नसो, त्या चावीला हात लावायचा न्हाई. लावला की दुसऱ्या दिवशी आपली बदली.”

सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले असते, पण मागच्या दारात आमच्या विभागप्रमुख बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एक धोतरवाला म्हातारा पायरीवर नाचताना बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि निघून गेल्या. माझे कान तापले.

तिसऱ्या मिनिटाला आप्पा गप्प झाले. ठोका पडला, त्यांनी पाय उचलला नाही. खाली उतरून त्यांनी टेबलाची कड धरली. ओठांचा रंग राखेसारखा दिसत होता.

“काय झालं?”

“कलेक्टरच्या बंगल्याचं पाणी गेलं वाटतं,” ते म्हणाले. “जरा अंधारी आली. डोंगर चढताना पण येती कवाकवा.”

“बसा.”

केतकी आधीच मोजत होती. तिनं हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. तिच्या भुवया जवळ आल्या. “मॅडम, अठ्ठ्याण्णव येतंय.”

“नाडी सांगते आहेस की दाब?”

“दाब. वरचा. नाडी एकशे चाळीस आहे.” तिनं कच्च्या कागदावर पेन्सिलीनं ९८ लिहिलं. “वाढायला पाहिजे ना?”

“पट्टा सैल झालाय,” मी म्हणाले. पट्टा सैल नव्हता. मी बोट घालून पाहिलं तेव्हा तो नीट होता. मग मी वर्गाकडे वळले, कारण वर्ग ऐकत होता. “आणि दुसरं, ते एकदम थांबले. पळणाऱ्यानं एकदम थांबलं की पोटऱ्या दाबून रक्त वर ढकलायचं काम थांबतं, रक्त पायात साचतं, दाब पडतो. म्हणून शर्यत संपल्यावर चालत राहायचं असतं. लक्षात ठेवा, तोंडी परीक्षेत विचारतात.”

मी इतकी चांगली शिक्षिका होते की एका नको असलेल्या आकड्याला दोन कारणं मला उभ्या उभ्या सापडली. पुस्तकात दोन्ही छापलेली होती.

आप्पांच्या ओठांवर रंग परत येत होता. त्यांनी वाकून पाऱ्याकडे पाहिलं, जसं ते टाकीवरच्या काट्याकडे बघायचे. “किती आलं म्हणाली ही? आधी एकशे अठरा, आता अठ्ठ्याण्णव? आन् पंप एकशे चाळीसनं पळतोय?”

“आप्पा—”

“न्हाई, बघ की. पंप जोरात हाय, पायातल्या तोट्या सगळ्या उघड्या, आन् दाब पडला. आमच्यात असं झालं तर आम्ही मुख्य लाइन बघायचो. पंपाच्या तोंडाशीच कायतरी आवळलेलं आसतंय.”

“आप्पा, गप्प बसा,” मी म्हणाले. “तुम्ही पाणी सोडा, हे मला बघू दे.”

हे मी जरा मोठ्यानं बोलले. चाळीस मुलांपुढे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग केतकीला डोळा मारला. “बघ, घरात कोण इचारत न्हाई, त्याचा राग हितं काढती.”

दोन मिनिटांनी मी स्वतः पुन्हा मोजलं. एकशे चौदा. “बघ,” मी केतकीला म्हणाले, “आलं ना जागेवर.” विश्रांतीनंतर ते जागेवर येणारच होतं. विचारायचं होतं ते हे की मधे खाली का गेलं.

“मग जर्नलमध्ये काय लिहू, मॅडम?”

आमच्या प्रयोगशाळांतून आकडे बसवतात. मी विद्यार्थिनी असताना बसवले, मला शिकवणाऱ्यांनी बसवले होते. उत्तर पुस्तकात असतं, त्यावरून मागं मागं येत रीडिंग काढायचं. दिवसभरात निम्म्या मुलांचे आकडे चुकलेलेच असतात. पट्टा सैल असतो, कानात नळ्या उलट्या असतात. त्यामुळे चुकीचा दिसणारा आकडा चुकीचाच, हे आमच्या हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यासाठी विचार करावा लागत नाही.

“एकशे बासष्ट लिही,” मी म्हणाले.

केतकीनं शाईनं १६२ लिहिलं. मी खाली सही केली.

आप्पांनी चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले, “डब्यात शेवग्याची आमटी हाय. गार झाली तर तुझी आई माझ्यावर केस घालंल.” मग सायकलच्या घंटीचा आवाज आला, विनाकारण, आवारात कुणीही नसताना.

दुसऱ्या दिवशी होळी. आईनं सकाळपासून चूल पेटवली होती. गॅस होता, पण पोळी चुलीवरच, हा तिचा हट्ट. मी ओट्यापाशी पेपर वाचत बसले होते. आप्पा पाटावर बसून पोळ्यांवर तुपाची धार धरत होते.

“बास करा की,” आई म्हणाली. “तुपाचा नळ सोडलाय जणू.”

“हौसा, आज वरच्या आळीला फुल प्रेशर.”

पाचवी पोळी संपत आली आणि लहू दारात येऊन उभा राहिला. आप्पांच्या जागी नगरपालिकेनं नेमलेला माणूस, चाळिशीचा, स्वभावानं गरीब. टेकडीवरच्या टाकीचा मोठा व्हॉल्व्ह जाम झाला होता. दोघांनी जोर लावूनही हलत नव्हता. सणाच्या दिवशी वरच्या आळीत कोरडा खडखडाट आणि बायका घागरी घेऊन त्याच्या दारात.

“आप्पा, तुमाला त्याची खोड ठाऊक हाय म्हणून आलो.”

“खोड कसली, त्याला आधी उलटा दीड फेरा द्यावा लागतो. माझ्यासारखंच हाय ते, सरळ सांगून ऐकत न्हाई.” आप्पा उठायला लागले.

“बसा,” आई म्हणाली. “ही एक खावा. वर भूक लागंल.”

“पाच झाल्या गं.”

“सहावी. माझ्या हातची न्हाई म्हणताय?”

त्यांनी सहावी उभ्यानं खाल्ली, दारात, चुलीवरनं उतरलेली, कागदासारखी दुमडून. मी पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “जेवल्यावर लगेच चढू नका, आप्पा. रक्त सगळं पोटाकडे असतं.”

“रक्ताला सांग, आज ओव्हरटाइम हाय,” ते म्हणाले आणि गेले.

आदल्या दिवशीचे ओठ मी पाहिले होते. तो आकडा माझ्या सहीखाली होता. आणि त्यांना टेकडी चढताना थांबवण्यासाठी माझ्या तोंडून निघालं ते पोळीबद्दल.

नंतर लहूनं सांगितलं ते असं. टाकीपर्यंत आप्पा दोनदा थांबले. दोन्ही वेळा गावाकडे बघायला थांबलोय म्हणाले. वर गेल्यावर चावी लावली, उलटा दीड फेरा दिला, मग दोघांनी मिळून सरळ फिरवली. व्हॉल्व्ह सुटला. पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला. आप्पा म्हणाले, “हं, आता जाऊ दे,” आणि टाकीला पाठ टेकून बसले. लहूला वाटलं दम खातायत. त्यानं खाली वाकून झाकण बसवलं, वर बघितलं तेव्हा आप्पांची मान कलली होती.

त्या संध्याकाळी वरच्या आळीत पाणी इतक्या जोरात आलं की दोन ठिकाणी नळ उडाले.

आप्पा सरकारी दवाखान्यात होते. शवविच्छेदन होऊन ते दुसऱ्या दिवशी मिळणार होते. आळीतली पोरं, ज्यांना काही कळलं नव्हतं, दरवर्षीप्रमाणे आमच्या दारात येऊन आप्पांच्या नावानं बोंब मारून लाकडं मागू लागली. शेजारच्या काकू त्यांना हाकलायला धावल्या. आई म्हणाली, “मारू द्या. त्यांना आवडायचं.” आणि उठून तिनं परसातलं सरपण काढून दिलं. चुलीपुढचंसुद्धा. मागं वळली तेव्हा परातीत उरलेल्या पोळ्यांकडे तिची नजर गेली.

“कुंदे,” ती म्हणाली, “सहावीनं झालं न्हवं?”

“आई, काय बोलतेस.”

“तूच म्हणालीस की. रक्त सगळं पोटाकडं जातंय. मी आग्रह केला नसता तर...”

मी डॉक्टर होते. घरातली एकटी. तिला एका वाक्यात सोडवता आलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग कशानं झालं. तिथून मागं मागं येत ती शनिवारपर्यंत पोचली असती.

“सांगता येत नाही, आई,” मी म्हणाले.

धुळवडीला आम्ही त्यांना नेलं. खांदा देणाऱ्यांपैकी दोघांच्या कपाळाला होळीची राख तशीच होती. वाटेवर घराघरातनं मटण शिजल्याचा वास येत होता. तेवढं चुकवून गेले, हे एकच आप्पांना लागलं असतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. इंग्रजीत, अर्धं पान. हृदयातून महाधमनी निघते तिथली झडप चुन्यासारखी कडक झालेली, तोंड पेन्सिलीच्या टोकाएवढं उरलेलं. माणूस बसून असेल तर तेवढ्यातूनही भागतं. चढायला लागला की पायातल्या तोट्या उघडतात, पंप धडपडतो, पण तोंडच आवळलेलं, पुढं काही जात नाही, आणि दाब पडतो. म्हणजे पंपाच्या तोंडाशीच. अडतीस वर्षं गावाचे व्हॉल्व्ह सोडवणाऱ्या माणसाचा स्वतःचा व्हॉल्व्ह जाम झालेला. ते असते तर या गोष्टीवर आठवडाभर हसले असते आणि दारावरच्या भाजीवालीलाही सांगितली असती. रिकाम्या पोटीही ते त्या टेकडीवर कोसळले असते, त्या दिवशी नाहीतर पुढच्या रविवारी. शनिवारी कुणी त्यांची छाती ऐकली असती, तर तिथला आवाज लपला नसता. या झडपेचं ऑपरेशन करता येतं. हे सगळं मी वर्गात शिकवते.

आईनं विचारलं, “काय लिहिलंय?”

“हार्ट ॲटॅक,” मी म्हणाले आणि कागद फाइलीत घातला.

वर्ष संपल्यावर जुनी जर्नलं रद्दीत निघाली. त्यातून केतकीचं मी काढून घेतलं. तपासणी समितीनं त्या पानावर हिरव्या शाईत बरोबरची खूण केली होती. पेन्सिलीचा कच्चा कागद तिनं आतच टाचून ठेवला होता. प्रामाणिक मुलगी.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आमच्या घरात पुन्हा पोळी झाली नाही. होळीला आई नारळ टाकायची आणि भात करायची. ते चालण्यासारखं होतं. पण तिनं एक कायदा काढला. जेवल्यावर दोन तास कुणी हलायचं नाही. घड्याळ लावून. पोस्टमननं चहाबरोबर बिस्किट खाल्लं तर त्याला ओट्यावर बसवून ठेवायची. एकदा गॅसवाल्यानं केळं खाल्लं आणि त्याची गाडी पाऊण तास आमच्या दारात उभी. लोक हसायचे, मीही हसायचे, घरी आलेल्यांना किस्से म्हणून सांगायचे. किस्से चांगले रंगायचे.

तिचं स्वतःचं जेवण कमी होत गेलं ते मला दिसत होतं. अर्धी भाकरी, मग चतकोर. विचारलं की म्हणायची, “म्हातारं शरीर, किती लागतंय.” यंदा माघात ती न्हाणीघरात पडली. दवाखान्यात काट्यावर छत्तीस किलो भरली. सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या बऱ्या निघाल्या. माझ्याहून वयानं लहान डॉक्टर तिला म्हणाले, “मावशी, तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही जेवत नाही, एवढंच. का जेवत नाही?”

आई अगदी सहज म्हणाली, “आमच्या घरात जेवून माणूस जातंय, डॉक्टर.”

ते हसले. त्यांना ती म्हातारीची गंमत वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पण हसावं म्हणून.

होळीच्या दिवशी मी डाळ शिजत घातली. माझ्या हाताला पोळी येत नाही. पुरण सैल झालं, कणीक फाटली, पहिल्या दोन तव्यावरच उघडल्या. आई खुर्चीत बसून बघत होती. एरवी ती उठून लाटणं हिसकावून घेणारी बाई. आज नुसती म्हणाली, “हे कशाला काढलंस?”

“तुझ्यासाठी.”

“कुंदे, आता नको.”

“एक.”

“एक काय, अर्धी न्हाई. मी केली तेवढी बास झाली.” तिनं ताट सरकवलं. “तू खा. आन् खाल्ल्यावर दोन तास उठू नको.”

तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला, हात धुतले, आतल्या खोलीत जाऊन ती फाइल आणली. अहवाल तिच्यापुढे ठेवला. त्यावर जर्नल ठेवलं आणि ते पान उघडलं.

“हे काय?”

“शनिवारचं आहे. होळीच्या आदल्या दिवशीचं. आप्पा डबा घेऊन आले होते.”

“शेवग्याची आमटी,” आई लगेच म्हणाली. “पुढं?”

तिचं बोट शाईच्या आकड्यावर होतं. मी ते उचलून टाचलेल्या कागदावर ठेवलं, पेन्सिलीच्या आकड्यावर. ते बोट इतकं हलकं झालं होतं की माझ्या हाताला काही लागलंच नाही.

“आई, पोळीनं नाही गेले ते. सहावीनं नाही, कितवीनंही नाही. त्यांच्या हृदयाच्या तोंडाशी आवळलं होतं. हा खरा आकडा. शनिवारी मला दिसला आणि मी तो बदलायला लावला. तेव्हा ऐकलं असतं तर ऑपरेशन झालं असतं. आणि आप्पांना कळलं होतं, आई. ते उभे राहून मला सांगत होते, मुख्य लाइन बघ. मी चाळीस मुलांसमोर त्यांना म्हणाले, आप्पा, गप्प बसा.”